पीडीएफकाका

प्रत्येक सॉफ्टवेअर कंपनीत एक माणूस असा असतो, की तो सध्या नेमका कुठल्या प्रोजेक्टवर आहे हे त्याच्या मॅनेजरलाही चटकन सांगता येत नाही. पण ग्राहकाकडे गेलेली फाईल उघडली नाही, की मॅनेजरसकट सगळे त्याच्याच खुर्चीमागे येऊन उभे राहतात. आमच्याकडे त्या माणसाला पीडीएफकाका म्हणतात. बाणेरपासून हिंजवडीपर्यंत या काकांची एक जमातच आहे. वय पन्नाशीच्या अलीकडे-पलीकडे, म्हणजे आयटीच्या हिशेबाने भीष्माचार्य. शर्टाच्या खिशात पेन, आयकार्डाच्या दोरीत अडकवलेला चष्मा, टेबलावर तीन पुडांचा स्टीलचा डबा, आणि स्क्रीनवर कुणालाही न वाचता येणारे आकडे. बाकीची पोरं दर दोन वर्षांनी तंत्रज्ञान बदलतात आणि दर दीड वर्षाने कंपनी. काकांनी दोन्ही बदललेलं नाही. ते डॉक्युमेंटात शिरले आणि तिथेच राहिले.

आपण कागदपत्र उघडतो ते वाचायला. काकांना ती सवय नाही. त्यांच्यासमोर कुठलीही पीडीएफ आली, की ते आधी तिच्या प्रॉपर्टीज उघडतात. कुणी बनवली, कशात बनवली, फॉन्ट आत घातलेत की नाहीत, बनवल्यावर किती वेळा बदलली. वेळ उरला तर मजकूर वाचतात.

आमच्या अकाउंट्समधल्या एका गृहस्थांच्या मुलीचं लग्न ठरलं. त्यांनी ऑफिसात सगळ्यांना पत्रिका पाठवली. पत्रिका देखणी होती. मोराची पिसं, सनई-चौघडे, ‘आमच्या मावशीच्या लग्नाला यायचं हं’ म्हणणारी दोन बाळं, सगळं जिथल्या तिथे. लोकांनी भराभर हात जोडले. काका मात्र फाईल उघडून गंभीर झाले. थोड्या वेळाने उठून अकाउंट्समध्ये गेले आणि त्या गृहस्थांना बाजूला घेऊन हळूच म्हणाले, “पत्रिका किती लोकांना गेली?”

“झाली की सगळ्यांना. का हो?”

“मग राहू द्या.”

‘मग राहू द्या’ म्हटल्यावर जगातला कुठला वधूपिता राहू देईल? शेवटी काकांनी सांगितलं. डीटीपीवाल्याने नवी पत्रिका करताना जुनीच फाईल उघडून तिच्यावर काम केलं होतं. मोर बदलले, नावं बदलली, पण फाईलच्या आतलं शीर्षक बदलायचं राहिलं. ते शीर्षक होतं ‘दशक्रिया विधी’. ब्राउझरमध्ये पीडीएफ उघडली की वरच्या टॅबवर फाईलचं नाव न येता हेच आतलं शीर्षक येतं. म्हणजे मोबाइलवर पत्रिका पाहणारे वाचले. लॅपटॉपवर पाहणाऱ्यांना खाली ‘शुभविवाह’ आणि वर दहावा. वधूपित्याने दोन्ही हात डोक्याला लावले. काकांनी त्यांच्या पाठीवर थोपटून धीर दिला, “पण फॉन्ट सगळे एम्बेड केलेत हां. कुठेही उघडा, अक्षर हलणार नाही.”

काकांचं शिक्षण कॉम्प्युटरचं नाही. नव्वदच्या दशकात ते अप्पा बळवंत चौकाजवळ एका छापखान्यात पेजमेकरवर पानं लावायचे. तिथे फाईल इथून त्या मशीनवर नेली की अक्षरं पळायची. शिवाजी फॉन्टात टाइप केलेलं पान शिवाजी नसलेल्या कॉम्प्युटरवर उघडलं, की मराठी जाऊन इंग्रजी कचरा उरायचा. श्रीलिपीचं तेच, कृतिदेवचं तेच. कारण आत मराठी नव्हतीच. आत इंग्रजी अक्षरं होती आणि त्यांच्यावर मराठी मुखवटे चढवलेले होते. अशा दिवसांत काकांना पहिल्यांदा पीडीएफ भेटली. इथे केली तशीच तिथे दिसली. काका म्हणतात, त्या दिवशी ते घरी चालत गेले, पीएमटीत बसायचं सुचलंच नाही.

तेव्हापासून त्यांना या फाईलीची सगळी कुळकथा पाठ आहे, आणि ती ते चहाच्या मशीनपाशी कुणालाही सांगतात. 1982 मध्ये जॉन वॉर्नॉक आणि चार्ल्स गेश्की यांनी कंपनी काढली. वॉर्नॉक यांच्या घरामागून एक ओढा जायचा, त्याचं नाव ॲडोबी. तेच कंपनीला दिलं. (“पुण्यात काढली असती तर आज आपण ‘आंबील ओढा रीडर’मध्ये फाईली उघडत असतो,” हा काकांचा ठरलेला विनोद आहे आणि त्याला हसलं नाही तर गोष्ट पुढे सरकत नाही.) 1991 मध्ये वॉर्नॉक यांनी ‘कॅमलॉट’ नावाचं एक टिपण लिहिलं: कुठल्याही मशीनवर केलेलं पान कुठल्याही मशीनवर जसंच्या तसं दिसलं आणि छापलं गेलं पाहिजे. 1993 मध्ये त्यातून पीडीएफ आली. सुरुवातीला ती वाचायचं सॉफ्टवेअरसुद्धा विकत घ्यावं लागायचं. मग कंपनीला शहाणपण सुचलं आणि रीडर फुकट झाला. 2008 मध्ये कंपनीने हा सगळा मसुदा आंतरराष्ट्रीय मानक संस्थेच्या हवाली केला, त्याचं नाव आयएसओ 32000. साडेसातशेच्या आसपास पानं. काकांनी ती वाचलीत. ज्या देशात लोक प्रेशर कुकरचं माहितीपत्रक वाचत नाहीत, त्या देशात.

ऑगस्ट 2023 मध्ये वॉर्नॉक गेले. बातमी कळल्यावरही काका नेहमीसारखे आले, कामाला बसले. पण चहाच्या मशीनशेजारच्या पांढऱ्या बोर्डावर त्यांनी लिहिलं होतं: ‘आज टीप नाही.’

हा बोर्ड म्हणजे काकांचं वर्तमानपत्र. रोज सकाळी साडेनऊला, कंपनीत झाडूवाल्या मावशी आणि सुरक्षारक्षक यांच्याशिवाय कुणी नसताना, काका त्यावर ‘आजची टीप’ लिहितात. कधी बातमी असते. पीडीएफची 2.0 आवृत्ती 2017 ला आली, 2020 ला सुधारली, पण तिचा मसुदा विकत घ्यावा लागायचा. 2023 मध्ये तो फुकट मिळू लागला, तेव्हा काकांनी बोर्डाभोवती रांगोळीची नक्षी काढली होती. जानेवारी 2025 मध्ये कुणीतरी पीडीएफच्या आत ‘डूम’ हा बंदुकीचा गेम चालवून दाखवला. पीडीएफमध्ये जावास्क्रिप्ट चालते, तिचाच हा उद्योग. पोरांनी तो दिवसभर खेळून पाहिला. काका मात्र चिंतेत होते. “जी फाईल गोळ्या झाडू शकते,” ते म्हणाले, “ती बिल म्हणून आली तर बेधडक उघडायची का?” ग्राहकाकडून येणाऱ्या फाईलींमधली जावास्क्रिप्ट काढून मगच त्या साठवायच्या, हा आमच्या कंपनीतला नियम त्या संध्याकाळचा.

पण बहुतेक वेळा टीप असते, आणि ती नव्या पोराला कोड्यासारखी वाटते. उदाहरणार्थ: ‘फाईल शेवटाकडून वाचा.’ खाली कुणीतरी लिहून ठेवलं होतं, ‘आणि पगार महिन्याच्या सुरुवातीला द्या.’ पण टीप खरी आहे. पीडीएफ उघडणारं सॉफ्टवेअर आधी फाईलीच्या शेपटाकडे जातं. तिथे एक आकडा असतो. अनुक्रमणिका कितव्या बाइटवर आहे, हे तो सांगतो. त्या अनुक्रमणिकेत पुन्हा आकडे: पहिली वस्तू इतक्याव्या बाइटवर, दुसरी तितक्याव्या. जुन्या पद्धतीच्या अनुक्रमणिकेची एकेक नोंद बरोबर वीस बाइटची, एकोणीस नाही की एकवीस नाही. म्हणूनच कुणी पीडीएफ नोटपॅडमध्ये उघडली, मधलं एक नाव लहानमोठं केलं आणि सेव्ह केली, की पुढचे सगळे पत्ते चुकतात. नव्याने लागलेल्या एका मुलाने हेच केलं आणि वर विचारलं, “काका, मी फक्त एक वेलांटी वाढवली हो.” काका त्याच्याकडे बराच वेळ नुसते बघत राहिले.

दुसरी कायमची टीप: ‘शून्य खाली आहे.’ वेब पानावर काम करणाऱ्या पोरांना वरचा डावा कोपरा म्हणजे सुरुवात, ही सवय असते. पीडीएफमध्ये सुरुवात डाव्या कोपऱ्यातच, पण खालच्या. भूमितीच्या वहीतल्या आलेखासारखं. आणि मोजमाप पॉइंटात, इंचाला बहात्तर; ए-फोर कागद म्हणजे 595 बाय 842. हे न वाचता ज्याने पहिलं इन्व्हॉइस केलं, त्याचं कंपनीचं बोधचिन्ह पायाशी आणि ‘आपला विश्वासू’ डोक्यावर आलं होतं. काकांनी ते छापून आपल्या जागेवर लावून ठेवलंय. येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवतात.

काकांची खरी परीक्षा मात्र मराठीची. कुठल्याही कंपनीने पीडीएफ बनवायची नवी लायब्ररी आणली, तिच्या जाहिरातीत ‘जगातल्या सर्व भाषा’ असं लिहिलेलं असलं, की काकांचे डोळे बारीक होतात. ते खिशातलं पेन काढतात आणि एका चिठ्ठीवर चार शब्द लिहून देतात: त्र्यंबकेश्वर, वाङ्मय, कार्तिकी, पायऱ्या. “हे छापून आण.” संध्याकाळी पोरगा पडेल चेहऱ्याने येतो. त्र्यंबकेश्वराचे तुकडे झालेले असतात, कार्तिकीची पहिली वेलांटी भलत्याच अक्षराला चिकटलेली असते, आणि पायऱ्यांवरचा तो आडवा र कुठे घसरला ते कळत नाही. कारण इंग्रजीत अक्षरामागे अक्षर ठेवलं की झालं. देवनागरीत कुठलं अक्षर कुणाला जोडायचं, कुणाला पुढे आणायचं, कुणाला डोक्यावर चढवायचं, हे ठरवायला मध्ये एक वेगळं यंत्र लागतं. हार्फबझ हे त्यातलं एक, फुकट आणि चांगलं. ते लायब्ररीत जोडलेलं आहे की नाही, एवढं काका पाहतात. नसेल तर जाहिरात घडी करून टेबलाच्या हलणाऱ्या पायाखाली घालतात.

त्या ‘पायऱ्या’तल्या आडव्या र वर तर काका तासभर बोलू शकतात, आणि बोलतात. तो दोन प्रकारांनी टाइप करता येतो. एकात युनिकोडने दिलेला वेगळा नुक्त्याचा ऱ असतो. दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि त्यापुढे एक न दिसणारं जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही तंतोतंत सारखे. पण शोधायला गेलं की एकाला दुसरा सापडत नाही. एका पतपेढीच्या कर्जदारांच्या यादीत हाच घोळ होता. नावात आडवा र असलेला खातेदार एका कारकुनाला दिसायचा, दुसऱ्याला नाही. कारण दोघांचे कीबोर्ड वेगळे होते. काकांनी शोधण्यापूर्वी दोन्ही रूपं एक करून घेण्याची चार ओळींची युक्ती लिहून दिली. पतपेढीचा कर्जदार सापडला. काकांच्या मते त्याने त्यांना अजून माफ केलं नसावं.

आता एका काळ्या पट्टीबद्दल सांगायला हवं, कारण काकांना कंपनीत खरा मान मिळाला तो त्या दुपारी.

पगारवाढीचे दिवस होते. वरून सगळ्या टीम लीडना एक यादी आली. नावं दिसत होती, पगारावर काळ्या पट्ट्या. कुणाची बढती झाली तेवढं कळवायचं, आकडे झाकायचे, असा हेतू. काकांना ही फाईल एका वेगळ्याच कामासाठी दिली होती: ती छापताना दुसरं पान कोरं येत होतं. काकांनी ती उघडली, माउसने पट्टीवरून फिरवलं, कॉपी केलं, नोटपॅडमध्ये पेस्ट केलं, आणि खुर्चीतून उठून अख्ख्या मजल्याला ऐकू जाईल असे ओरडले, “अरे, मजकूर जिवंत आहे!”

पीडीएफमध्ये काळी पट्टी काढणं म्हणजे अक्षरांवर एक काळा चौकोन ठेवणं. अक्षरं खाली सुखरूप असतात. खरोखर पुसायचं तर ती अक्षरं आतून काढून टाकणारं साधन वेगळं असतं. ते वापरलं तरी फाईल नव्याने जतन करावी लागते. कारण पीडीएफला एक खोड आहे, बदल केला की बऱ्याचदा ती जुनं फेकत नाही, नवं शेवटी जोडते. खोडलेलं वाक्य, काढलेली सही, बदललेला आकडा, सगळं आधीच्या बाइटांमध्ये तसंच पडून असतं. अमेरिकेत 2019 साली ट्रम्प यांचे माजी प्रचारप्रमुख पॉल मॅनाफोर्ट यांच्या नामांकित वकिलांनी कोर्टात कागद दाखल केला तो असाच. पत्रकारांनी काळ्या पट्ट्यांखालचा मजकूर कॉपी-पेस्ट करून लगोलग जगाला वाचून दाखवला. हे सगळं काका त्या दुपारी उभ्याने सांगत होते. ऐकत कुणीच नव्हतं. मजल्यावरचे झाडून सगळे त्यांच्या टेबलाकडे धावले होते, आणि मागचे पुढच्यांच्या खांद्यांवरून माना लांब करत होते.

काकांनी नोटपॅड केव्हाच बंद केलं होतं. एचआरला फोन लावून त्यांनी फाईल परत घ्यायला सांगितली, खरी पुसायची रीत समजावली, आणि दुसरं पान कोरं का येतं याकडे पुन्हा वळले. पोरांनी त्यांना चहा पाजला, समोसे आणले, शपथा घातल्या. “काका, माझा तरी सांगा ना.” काकांना आठवेना. त्यांनी आकडे वाचलेच नव्हते. त्या यादीत त्यांचं स्वतःचंही नाव होतं, हे आम्ही सांगितल्यावर ते म्हणाले, “असेल. पण आकड्यांना एरियल वापरलाय आणि नावांना मंगल. ओळी खालीवर दिसतात त्या त्यामुळे.”

पासवर्डच्या बाबतीत काकांचा लोकांवर विश्वास नाही आणि फाईलींवर त्याहून नाही. ‘ही फाईल छापू नये, कॉपी करू नये’ असं कुलूप पीडीएफला लावता येतं. ते कुलूप म्हणजे जिन्यातली ‘येथे थुंकू नये’ ही पाटी, असं काकांचं मत. उघडणारं सॉफ्टवेअर सभ्य असेल तर ऐकतं. खरं कुलूप ते, जे लावल्यावर फाईल पासवर्डशिवाय उघडतच नाही. त्यातही पासवर्ड काय, यावर सगळं आलं. ई-आधारचा पासवर्ड म्हणजे नावाची पहिली चार इंग्रजी अक्षरं आणि जन्मसाल. “नाव तर सगळ्यांनाच माहीत असतं,” काका म्हणतात, “उरली सालं. माणूस जगून जगून किती जगेल? शंभर. शंभर पासवर्ड तर माझा भाचा हातानेसुद्धा टाकून बघेल.” म्हणून आधारची फाईल कुणालाही धाडू नका, हा त्यांचा आग्रह. तरी लोक ती त्यांनाच धाडतात, पासवर्डसकट. त्यामुळे ऑफिसात कुणाचं खरं वय काय, हे एकट्या काकांना ठाऊक आहे. सव्वीस वर्षांच्या तिघीजणी काकांशी विशेष अदबीने वागतात.

आधारच्याच फाईलीवर एक पिवळं प्रश्नचिन्ह असतं. ‘वैधता अज्ञात’. हे पाहून माणसं घाबरतात. आपला आधार खोटा निघाला असं त्यांना वाटतं. काका समजावतात, की सही खोटी आहे असं नाही, फक्त सही करणाऱ्याला प्रमाणपत्र कुणी दिलं ते तुमच्या कॉम्प्युटरला ओळखता येत नाही. ती साखळी भारत सरकारच्या प्रमाणन नियंत्रकांपर्यंत पोहोचते का ते पाहायचं, पोहोचत असेल तरच विश्वास ठेवतो असं सांगायचं, मग तपासणी पुन्हा करायची. प्रश्नचिन्ह जाऊन हिरवी खूण येते. सोसायटीतल्या म्हाताऱ्यांना काका हे रविवारी सकाळी करून देतात. एका आजींनी हिरवी खूण आल्यावर हात जोडले होते.

याच सोसायटीच्या सेक्रेटरींनी काकांना एकदा सातबारा पाठवला. डिजिटल सहीचा असतो तो, महाभूमी या सरकारी संकेतस्थळावरून काढलेला. सेक्रेटरींनी तो छापला, वर विश्वासार्हता वाढावी म्हणून सोसायटीचा गोल शिक्का मारला, परत स्कॅन केला, तो फोटो वर्डमध्ये चिकटवला आणि त्याची पीडीएफ केली. फाईल तब्बल 38 एमबीची.

“सही कुठाय?” काकांनी फोनवर विचारलं.

“अहो, दिसतेय की. खाली डावीकडे.”

“ते सहीचं चित्र आहे.”

“मग सही आणि काय असते?”

काकांनी सांगायला सुरुवात केली. डिजिटल सही करताना सहीची जागा तेवढी सोडून फाईलीतला प्रत्येक बाइट हिशेबात धरतात. पुढे एक स्वल्पविराम जरी हलला, तरी सही ओरडून सांगते. छापलं की सगळं कागदावर सांडतं, सही मरते, तिचा फोटो उरतो. सेक्रेटरींनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, “मग आता शिक्का मारू की नको?”

स्कॅन या गोष्टीवरच काकांचा राग आहे. त्याला कारणही आहे आणि ते त्यांनी बोर्डावर सलग आठवडाभर ठेवलं होतं. 2013 साली डाविड क्रीझेल या जर्मन माणसाने दाखवून दिलं, की झेरॉक्सची काही मशिनं स्कॅन करताना चक्क आकडे बदलतात. घराच्या नकाशात एका खोलीचं क्षेत्रफळ 21.11 चौरस मीटर होतं. स्कॅनमध्ये ते 14.13 झालं. जेबिग2 नावाची पद्धत फाईल लहान करण्यासाठी सारखे दिसणारे तुकडे एकच समजते आणि एकाच्या जागी दुसरा बसवते. अक्षर धूसर झालं असतं तर शंका आली असती. इथे अक्षर स्वच्छ आणि आकडा खोटा. नुकताच वाकडला फ्लॅट घेतलेला आमचा एक सहकारी बोर्ड वाचून म्हणाला, “काका, आमच्या बिल्डरला हे मशीन लागलं नाही.”

जूनमध्ये काकांच्या टेबलापाशी रांग असते. इंजिनिअरिंगच्या प्रवेशाचे अर्ज, शिष्यवृत्तीचे अर्ज, आणि प्रत्येक ठिकाणी ‘फाईल 200 केबीपेक्षा लहान असावी’. लोकांकडे डोमिसाइल चार एमबीचं, जातीचा दाखला सहा एमबीचा. काका पाच मिनिटांत बसवून देतात: पान काळंपांढरं, दीडशे डीपीआय, आतले निरुपयोगी फॉन्ट बाहेर. मात्र कुणी म्हणालं, “कशाला त्रास, इंटरनेटवर फुकट साइट आहे ना,” की काका चष्मा काढतात. आपला दाखला, आपलं आधार, आपला पत्ता एका अनोळखी मशीनवर चढवायचा, का तर दोनशे केबीत बसवायला? “रस्त्यात कुणी म्हणालं, पाकीट द्या, हलकं करून देतो, तर द्याल?” असं ते विचारतात. मॅनेजरलाही विचारलंय.

आणि मग एआय आला. एका ग्राहकाला शासनाचे मराठी निर्णय वाचून प्रश्नांची उत्तरं देणारं यंत्र हवं होतं. पोरांनी पंधरा दिवसांत ते उभं केलं. इंग्रजीत ते फाडफाड बोलत होतं. मराठीत विचारलं, की ‘अनुदान किती?’ याला ते पावसाचा अंदाज सांगायचं. मॉडेल बदललं, महागडं आणलं, तरी पाऊस थांबेना. शेवटी मॅनेजरसाहेब काकांच्या खुर्चीमागे येऊन उभे राहिले.

काकांनी मॉडेलकडे पाहिलंसुद्धा नाही. त्यांनी एक निर्णय उघडला, त्यातला ‘विद्यार्थी’ शब्द कॉपी केला आणि नोटपॅडमध्ये टाकला. आला ‘िवद्याथीर्’. पडद्यावर ऱ्हस्व वेलांटी आधी दिसते, म्हणून फाईलीत ती आधी. रफार शेवटी दिसतो, म्हणून शेवटी. पीडीएफला दिसण्याशी मतलब. आत काय लिहिलंय हे वेगळ्या तक्त्यात नीट सांगून ठेवावं लागतं, आणि फाईल बनवताना ते कुणी सांगितलंच नव्हतं. काही जुन्या फाईलींत तर मराठी मुखवट्यांची ती इंग्रजी अक्षरंच होती. “तुमचं यंत्र हुशार आहे,” काका म्हणाले, “पण तुम्ही त्याला हे खायला घालताय.”

“मग उपाय?” साहेबांनी विचारलं.

काका गप्प बसले. चष्मा पुसला. उपाय त्यांना माहीत होता, पण तोंडातून निघेना. शेवटी अगदी हळू आवाजात म्हणाले, “प्रत्येक पानाचा फोटो काढा, आणि फोटोवरून अक्षरं ओळखून घ्या. टेसरॅक्ट नावाच्या सॉफ्टवेअरला मराठी येतं.”

ज्या माणसाने आयुष्यभर स्कॅन करणाऱ्यांशी अबोला धरला, त्याने चांगल्या जित्याजागत्या पीडीएफींचे फोटो काढायला सांगावं! मजल्यावर कुणी हसलं नाही. हसायची हिंमत झाली नाही. यंत्र आता मराठीत बरं बोलतं. आकडे असलेली पानं काकांनी माणसाकडून तपासून घ्यायला लावली आहेत. ते 21.11 त्यांच्या डोक्यातून जात नाही. ग्राहक खूश आहे, साहेबांना बढती मिळाली. दुसऱ्या दिवशी बोर्डावर टीप होती: ‘नवी फाईल करताना मजकूर नीट घाला, म्हणजे पुढच्या पिढीला फोटो काढावे लागणार नाहीत.’ खाली पहिल्यांदाच कुणी काही लिहिलं नाही.

काका सध्या दुसऱ्या मजल्यावर, खिडकीशेजारच्या जागेवर बसतात. अडलेली फाईल असेल तर खुशाल घेऊन या, साडेनऊनंतर केव्हाही. मूळ फाईल आणा, छापून स्कॅन केलेली नको. पासवर्ड कागदावर लिहून आणा. आणि एवढं कराच: तिचं नाव ‘फायनल_फायनल_2’ असेल, तर खालीच बदलून मग वर या.